मनातली अढी



पायात काटा मोडला तर आपण काय करतो? बांधावर बसतो आणि आधी काटा काढतो. काढला नाही तर पाय सुजतो, पिकतो, रात्रभर ठणकतो. काटा बाभळीचा, पण ठणका आपल्याला.

मनातही असाच काटा मोडतो. कुणी फसवले, कुणी टाकून बोलले, कुणी हक्काचे घेतले, की तो आत राहतो. त्यालाच आपण अढी म्हणतो.

दोन भाऊ असतात. बांधावरून वाद होतो. गडहिंग्लजच्या बाजारात दोघे समोरासमोर येतात. एक इकडे बघतो, दुसरा तिकडे. घरात लग्न निघते, पण शेजारच्या दारात पत्रिका जात नाही. "त्यानं माझा बांध कोरलाय. मरेपर्यंत त्याच्या दारात पाय ठेवणार नाही!" असे थोरला म्हणतो. पुढे मुले मोठी होतात. भांडण कशाचे, हे त्यांना ठाऊक नसते. जमिनीबरोबर अबोलाही त्यांच्या वाट्याला येतो.

या अढीवर साधुसंतांनी पुष्कळ सांगितले आहे. आज ख्रिस्ती धर्म काय सांगतो ते पाहू. आपल्या कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आले. त्यांनी शाळा काढल्या. तेव्हापासून ख्रिस्ती मंडळी आपल्या जिल्ह्यात नांदत आहेत. त्यांच्या धर्मात क्षमेला फार मोठी जागा आहे. ती का, हे समजून घेऊ.

कर्जाची गोष्ट

पेत्र नावाच्या शिष्याने येशूला विचारले, की भावाने अपराध केला तर किती वेळा माफ करावे? सात वेळा पुरे का? येशूने सांगितले, सात वेळा नव्हे, सत्तर वेळा सात. करा बरे गुणाकार! ७० गुणिले ७ म्हणजे ४९०. एवढा हिशेब कोण ठेवणार? म्हणजे मोजत बसूच नको, असा त्याचा अर्थ.

मग येशूने एक गोष्ट सांगितली. एका राजाचे एका चाकराकडे दहा हजार तालांत येणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे कर्ज झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे! दीड लाख वर्षे राबला तरी ते फिटायचे नाही. चाकर पाया पडला. राजाला दया आली. त्याने सगळे कर्ज सोडून दिले.

चाकर बाहेर पडला. वाटेत त्याला सोबतीचा दुसरा चाकर भेटला. तो याचे शंभर दिनार देणे लागत होता. याने त्याची मानगूट धरली. "माझे पैसे टाक!" तोही पाया पडला. पण याने त्याला तुरुंगात घातले. राजाच्या कानावर ही गोष्ट गेली. राजा संतापला, आणि त्याने पहिल्या चाकराला शिक्षा केली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शंभर दिवसांची मजुरी ही काही थोडी रक्कम नव्हे. गरिबाला ती फार मोठी. म्हणजे तुमचे नुकसान झालेच नाही, असे येशू म्हणत नाही. नुकसान खरे आहे. पण देवाने माझे किती सोडले, हे आठवले की दुसऱ्याचे सोडायला बळ येते. ख्रिस्ती माणसाची आशा हीच. देवाने माझ्यासाठी दार लावले नाही, मग मी दुसऱ्यासाठी का लावू?

लक्ष्मीबाईंची गोष्ट

ऐकायला हे सोपे आहे. करायला किती दिवस लागतात?

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर गावी झाला. घरात सोवळे फार कडक. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. लहानपणीच लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक. हे लोकमान्य टिळक नव्हेत, कवी टिळक. माणूस विद्वान आणि उदार, पण तापट. मनात आले की घर सोडून निघे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाण्याचा विधी करून ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरात दत्तू हे लहान मूल. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. त्या काळी अशा बाईने जायचे कुठे? नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. काही काळ पंढरपुरात राहिल्या. अशी सुमारे पाच वर्षे गेली. टिळकांची पत्रे येत राहिली.

शेवटी त्या मुलाला घेऊन नगर भागात टिळकांकडे आल्या. पण आपला धर्म सोडून नव्हे. त्यांनी आपले सोवळे पाळले. टिळकांनी धर्मासाठी जबरदस्ती केली नाही. दोघांनी एकमेकांना वेळ दिला. हळूहळू लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला. माणसे देवाने केली, जाती माणसांनी केल्या, असे त्यांच्या मनाने घेतले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या उत्तेजनाने त्या लिहायला वाचायला शिकल्या होत्या. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. पुढे त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिगत लिहिली. 'स्मृतिचित्रे' हे त्या पुस्तकाचे नाव. ते १९३४ पासून भागाभागाने छापले गेले. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. शाळेत न गेलेल्या बाईने हे केले! नव्याने अक्षरे शिकणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या पुस्तकात नवऱ्याचा राग आहे, त्याचे घर सोडून जाणे आहे. काहीच लपवलेले नाही. पण ते वाचताना हसू येते. अढी धरून बसलेल्या माणसाला असे लिहिता येत नाही. त्या विसरल्या नव्हत्या. सगळे आठवत होते, पण ठणका राहिला नव्हता.

मग अन्याय सोसायचा का?

नाही. क्षमा वेगळी आणि न्याय वेगळा.

मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात रानी मारिया नावाच्या केरळच्या ख्रिस्ती भगिनी काम करत होत्या. गोरगरिबांना त्या सावकाराच्या तावडीतून सोडवत. त्यामुळे काहींचा त्यांच्यावर रोष झाला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जात असताना एका माणसाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली.

रानी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही अशीच भगिनी. २००२ साली ती तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याला तिने राखी बांधली! घरच्यांनीही त्याला क्षमा केली. अकरा वर्षे तुरुंगात काढून २००६ साली तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या आईवडिलांना भेटायला गेला. आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. माणूस बदलू शकतो, ही आशा त्या घराने सोडली नाही. पण कायद्याचे काम कायद्याने केलेच.

म्हणून कुणी जमीन बळकावली तर मोजणी मागा, कोर्टात जा. कुणी मारहाण केली तर पोलिसांत सांगा. मार खात राहणे म्हणजे क्षमा नव्हे. दावा कोर्टात चालू द्या, द्वेष मात्र घरात पोसू नका.

आणि एकदम जमत नसेल तर थोडे थोडे करा. आज त्या माणसाला शिव्या देणे सोडा. उद्या वाटेत भेटला तर "बरं हाय न्हवं?" एवढे विचारा. त्याच्या घरी दुःख झाले तर जाऊन बसा. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. तुम्हालाही वेळ लागेल. लागू द्या.

वाचा, विचार करा, सांगा

१. पहिल्या चाकराचे कर्ज किती दिवसांच्या मजुरीचे होते? दुसऱ्याचे किती?

२. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांनी काय सोडले नाही?

३. क्षमा आणि न्याय यांत फरक काय?

४. ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, त्याचे नाव पाटीवर लिहा. कुणाला दाखवू नका. पुसायच्या आधी एकदा नीट वाचा.