मोठ्या गाडीचं पेट्रोल जातं कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांत चारशे ते साडेसहाशे सीसीच्या मोटरसायकलींबद्दलची पत्रंच जास्त आहेत. जवळपास प्रत्येकात एकच सूर आहे : गाडी जीव लावते, पण पेट्रोल फार पिते. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे याच विषयाला दिलं आहे.

शंका : माझी इंटरसेप्टर ६५० आहे. नोकरी पुण्यात, घर कोल्हापुरात. महिन्यातून दोनदा तरी जाणं-येणं होतं. शहरात २३ चं अ‍ॅव्हरेज मिळतं. हायवेला ते वाढायला हवं, तर उलट २१-२२ वर येतं. माझ्या मित्राची हीच गाडी हायवेला २९-३० देते. सर्व्हिसिंग वेळेवर आहे. शिरवळच्या पुढे मी साधारण ११५-१२० ने चालवतो, मित्र ८०-८५ च्या वर जात नाही. माझ्या इंजिनात काही दोष असेल का? (एक वाचक, पुणे)

समाधान : इंजिन तपासायला नेऊ नका. उत्तर तुमच्या पत्रातल्या शेवटच्या आकड्यांतच आहे.

मोकळ्या सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाचं काम दोनच गोष्टींविरुद्ध चालतं. एक, टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण. ते वेगाबरोबर फारसं वाढत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे समोरची हवा, आणि तिचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट केला की हवेचा रोध सव्वादोन पट होतो. मोटरसायकलवर सरळ बसलेला माणूस हवेच्या दृष्टीने अत्यंत बेढब वस्तू आहे. खांदे, हेल्मेट, कोपर, गुडघे सगळं वाऱ्याला आडवं. तुमच्यासारखी गाडी आणि एक स्वार धरून हिशेब केला, तर ८० च्या वेगाला चाकावर साधारण ७ हॉर्सपॉवर लागतात आणि १२० ला २० च्या आसपास. तुमच्या इंजिनाकडे ४७ आहेत, त्यामुळे १२० ला ते दमल्यासारखं वाटत नाही आणि आपण काही जास्त मागतो आहोत हे हाताला कळतच नाही. छोट्या गाडीचं इंजिन त्या वेगाच्या आधीच ओरडायला लागतं. मोठ्या गाडीवर ती सूचना मिळत नाही, आणि ती जास्त पेट्रोल पिते याचं हे एक मोठं कारण आहे.

किलोमीटरमागे लागणारी ऊर्जा ८० च्या तुलनेत १२० ला जवळपास दुप्पट होते. पेट्रोल मात्र अगदी दुप्पट लागत नाही. थ्रॉटल जरा जास्त उघडा असला की इंजिन पेट्रोलचा उपयोग अधिक चांगला करतं. अगदी कमी उघड्या थ्रॉटलवर त्याला अर्धवट झाकलेल्या नळीतून हवा ओढत बसावी लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. म्हणून तुमच्यात आणि मित्रात दुपटीचा नाही, २९ आणि २१ चा फरक दिसतो. हे आकडे एकमेकांशी अगदी जुळणारे आहेत.

आता वेळेचं बघा. पुणे-कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. रस्ता पूर्ण मोकळा मिळाला असं धरलं, तर १२० ला दोन तासांच्या किंचित आत आणि ८० ला तीन तासांच्या किंचित आत. प्रत्यक्षात खंबाटकी, टोलनाके, साताऱ्या-कराडची गर्दी आणि चहा यांत तो तासाभराचा फरक खूप आटतो. शिवाय चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ८० आहे. ती पाळा असं मी केवळ पेट्रोलसाठी सांगत नाही, पण पेट्रोलचा लाभ त्यातच आहे.

वेग तोच ठेवून हवेचा रोध थोडा कमी करता येतो. फडफडणारं जॅकेट घट्ट बसणारं घ्या. सामान दोन्ही बाजूंच्या पेट्यांत भरण्यापेक्षा सीटवर तुमच्या पाठीमागे, पाठीच्या रुंदीत मावेल असं बांधा. बाजूच्या पेट्या रिकाम्या असल्या तरी वारा अडवतात, म्हणून सहल संपली की त्या उतरवून घरात ठेवा. हवेचं महत्त्व किती, हे क्रेग व्हेटर या अमेरिकी डिझायनरने १९८० च्या दशकातच दाखवून दिलं. विंडजॅमर फेअरिंग ज्याची, तोच हा. त्याने कॅलिफोर्नियात मोटरसायकलींच्या इंधनबचतीच्या स्पर्धा भरवल्या. तिथे पुढे आलेल्या गाड्यांनी इंजिनापेक्षा बाहेरच्या निमुळत्या आवरणावर जास्त मेहनत घेतलेली असे. आपल्याला रोजच्या रस्त्यावर तसलं आवरण नको, पण मेहनत कुठे करायची हे त्यावरून समजतं.

इंजिन मोठं असलं म्हणजे ते तहानलेलंच असणार, हेही खरं नाही. होंडाने २०१२ च्या सुमारास आणलेली एनसी७०० ही ६७० सीसीची जोड-सिलिंडर गाडी. कमी आरपीएमवर चालण्यासाठीच बांधलेली, आणि तिचा अधिकृत आकडा लिटरला २७ किलोमीटरच्या पुढे होता.

शंका : काका, माझ्याकडे ३९० ड्यूक आहे. पेट्रोल वाचावं म्हणून मी शहरात ४० च्या वेगालाच सहावा गिअर टाकतो. गाडी धक्के देते, चेन खडखडते, आणि अ‍ॅव्हरेज काही वाढत नाही. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

समाधान : तुझी कल्पना अर्धी बरोबर आहे. वरचा गिअर आणि कमी आरपीएम यांनी पेट्रोल वाचतं, पण इंजिन सुरळीत ओढतं आहे तोवरच. तुझ्या गाडीत एकच मोठा सिलिंडर आहे आणि तो वरच्या आरपीएमसाठी बांधलेला आहे. साडेतीन-चार हजारांच्या खाली सहाव्यात त्याला ओढायला लावलंस की प्रत्येक स्फोटाचा झटका चेन, स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सवर बसतो. वाचलेल्या पेट्रोलपेक्षा चेनसेट महाग पडेल. चाळीसला तिसरा किंवा चौथा, साठला पाचवा, आणि थ्रॉटल उघडल्यावर गाडी न थरथरता पुढे जाते ना, एवढं बघ.

शहरात तुझं पेट्रोल खरं तर ब्रेकमध्ये जातं. गाडी आणि तू मिळून अडीचशे किलोच्या आसपास. शून्यापासून साठपर्यंत पोचायला इंजिनाला साधारण चार ते पाच मिलिलिटर पेट्रोल जास्तीचं जाळावं लागतं. पुढच्या सिग्नलला तू ब्रेक दाबलास की ते सगळं डिस्कवर उष्णता होऊन उडून जातं. कॉलेजच्या वाटेवर असे वीस थांबे झाले तर शंभर मिलिलिटर गेलं, म्हणजे दोन-अडीच किलोमीटरचं पेट्रोल. लांबून लाल दिवा दिसला की थ्रॉटल तिथेच सोड, गिअर उतरवत जा. हिरवा होईपर्यंत गाडी हलती राहिली तर उत्तम. सुटतानाही अगदी मुंगीच्या पावलांनी निघायची गरज नाही. मध्यम पिकअप घेऊन लवकर वरच्या गिअरला जाणं चांगलं. आणि पुढचा सिग्नल लाल दिसत असताना त्याच्यापर्यंत रेस करत जाण्याची सवय सोडलीस, तर महिनाभरात फरक दिसेल.

शंका : डॅशबोर्डवर २७ दिसतं, मी हिशेब केला तर २४ येतं. कोणावर विश्वास ठेवायचा? (एक वाचक भगिनी, नाशिक)

समाधान : तुमच्या हिशेबावर, फक्त तो नीट झाला पाहिजे. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला अंदाज असतो. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा आणि धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. दर वेळी गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नको. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबा. झाकणापर्यंत भरायला सांगू नका. आताच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, टाकी गळ्यापर्यंत भरली की त्यात पेट्रोल शिरून तो बिघडतो. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून काढलेल्या अ‍ॅव्हरेजला काहीच अर्थ नसतो.

शंका : आम्ही ऊस घालणारे शेतकरी. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं याचा आनंदच आहे. पण माझी २०१८ ची डॉमिनार आधी ३० द्यायची, आता २८ वर आली. हे इथेनॉलमुळेच का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

समाधान : काही अंशी, हो. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि दहा टक्के मिश्रणापेक्षा तीन-साडेतीन टक्के कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घटीचाच अंदाज होता. तुमची गाडी दहा टक्क्यांवरून वीसवर आली असेल, तर ३० चे २९ होणं समजण्यासारखं आहे. उरलेला एक किलोमीटर दुसरीकडे शोधा. टायरची हवा, चेन, एअर फिल्टर. उसाच्या फडात आणि कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर शहरातल्या गाडीपेक्षा फार लवकर भरतो. पुस्तकात दिलेल्या मुदतीची वाट पाहू नका.

एक काळजी मात्र घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. आणि गाडी जुनी असल्याने पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलचे पाइप व रबरी सील बघून घ्या.

शंका : कुंभार्ली घाट उतरताना मी हिमालयन न्यूट्रल करतो, कधी इंजिनही बंद करतो. तेवढंच पेट्रोल वाचतं. बरोबर आहे ना? (एक वाचक, चिपळूण)

समाधान : नाही, आणि कृपा करून आजपासून हे थांबवा. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्ये उतरताना ईसीयू इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात आणि पेट्रोल जवळपास शून्य जातं. न्यूट्रल केलंत की इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहिलं पाहिजे, म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होतं. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रलमध्ये तुम्ही जास्त जाळता. इग्निशन बंद केलंत तर एबीएससुद्धा बंद होतं. इंजिनचा अडसर नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब घाटात तापलेले ब्रेक ऐन वळणावर धरत नाहीत. कुंभार्लीत पावसाळ्यात वळणावर दगड-माती आलेली असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

काही पत्रांतल्या छोट्या शंका एकत्र घेतो. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकून अ‍ॅव्हरेज वाढतं का? ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी स्फोट न होण्याची क्षमता. त्याचा ऊर्जेशी संबंध नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात साधं पेट्रोल चालतं असं असेल आणि चढाला इंजिन टकटक करत नसेल, तर ते पैसे टायरवर खर्च करा. पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबकं घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. पातळ म्हणून कारचं ऑइल टाकू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. पुढचा स्प्रॉकेट एक दात मोठा करावा का, असं दोघांनी विचारलं आहे. १५ चा १६ केला तर आरपीएम सहा टक्क्यांनी उतरतात. रोज हायवेला असाल तर थोडा फायदा होईल, पण शहरात आणि मागे माणूस बसवून घाट चढताना पश्चात्ताप होईल. मी करणार नाही.

शंका : मुलाला साडेसहाशे सीसीची गाडी घ्यायची आहे. पेट्रोल परवडेल का, एवढंच सांगा. (निवृत्त शिक्षक, सातारा)

समाधान : सर, महिन्याला ८०० किलोमीटर धरा. ५५ देणाऱ्या १२५ सीसीच्या गाडीला साडेचौदा लिटर लागतील, २५ देणाऱ्या मोठ्या गाडीला बत्तीस. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला अठराशे रुपयांचा फरक. टायर, चेनसेट आणि विमा यांचा वाढीव खर्च याहून वेगळा ठेवावा लागेल. मुलगा कमावता असेल तर पेट्रोलच्या कारणासाठी नाही म्हणू नका. त्याने आधी दोनशे सीसीच्या आसपासची गाडी किती वर्षं, कशी चालवली आहे, हा प्रश्न मात्र जरूर विचारा. माझ्या मते तो पहिला आहे.

शंका : ३९० अ‍ॅडव्हेंचर. दोन महिन्यांत अ‍ॅव्हरेज २८ वरून २१ वर आलं. रस्ता तोच, वेग तोच. गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ केला, प्लग बदलला, फरक नाही. हायवेलाही तापमानाची पट्टी खालीच राहते, पंखा क्वचितच लागतो. (एक वाचक, नागपूर)

समाधान : अचानक इतकी घट आली म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, चालवण्याच्या सवयीने असं होत नाही. आधी दोन तपासण्या घरीच करा. थंड टायरची हवा मोजा. मग गाडी पॅडॉक स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा, ते लगेच अडत असेल तर कॅलिपरचा पिस्टन चिकटला आहे. पुढच्या चाकाचंही तसंच बघा. या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या तर तापमानाच्या पट्टीकडे या. नागपूरच्या हवेत हायवेला इंजिन गार राहणं हे चांगलं लक्षण नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असावा. मग कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन नेमक्या तापमानाला पोचत नाही, आणि ईसीयू ते अजून थंड आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. इंजेक्टर साफ करून यात काही होणार नाही. मेकॅनिकला आधी थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात उघड-मीट होते का ते बघायला सांगा, तो चांगला निघाला तरच तापमानाचा सेन्सर बदला. दुरुस्तीनंतरच्या दोन टाक्यांचा हिशेब मला कळवा.