ताप सारखा, पेशी वेगळी

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास वसई-विरारमध्ये तापाचे दिवसही सुरू होतात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरात सुमारे चारशे माणसे अडकली, ते वर्ष सर्वांच्या लक्षात आहे. पण पाणी तेवढे चढले नाही तरी तुंबलेले गटार, पिंपात साठवलेले पाणी आणि उंदीर हे दरवर्षीचेच. मग घरात कोणाला तरी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, डोके ठणकते. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या येतात, नाहीतर शेजारच्या ताईंकडे उरलेल्या कॅप्सूल येतात. "त्यांना याच गोळीने उतार पडला होता" हे आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की या वेळचे आरोग्य पान त्यासाठीच ठेवले आहे.

शेजारणीची गोळी आपल्याला का चालत नाही, याचे उत्तर मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तिथे पेशींचे दोन मुख्य प्रकार दिलेले असतात, आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. पण कोणते औषध कोणावर चालते, हे पुष्कळसे याच दोन शब्दांवर ठरते.

पेशी म्हणजे सजीवाचा सर्वात लहान जिवंत भाग. आपल्या शरीरातली पेशी वेगवेगळ्या खोल्यांच्या घरासारखी असते. मधल्या खोलीत, म्हणजे केंद्रकात, आनुवंशिकतेचा सगळा लेखाजोखा पडद्याआड जपलेला असतो. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वेगळ्या असतात. ही झाली दृश्यकेंद्रकी पेशी. माणूस, गाय, डास, वसईच्या वाडीतली केळ आणि पानवेल, भिंतीवरची बुरशी, सगळ्यांची पेशी याच जातीची. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून कडक भित्तिका आणि आत हिरवे कण असतात, एवढा फरक.

जिवाणूची पेशी आदिकेंद्रकी. आपल्या पेशीच्या साधारण दहावा भाग लांबीची, आणि आत एकच खोली. स्वयंपाक, झोपणे, मुलांचा अभ्यास सगळे तिथेच, तसे तिचे सर्व व्यवहार एकाच जागी चालतात; केंद्रकाचा पडदा नाही. दहा बाय दहात संसार किती नेटका चालतो हे तुम्हाला सांगायला नको. अनुकूल जागा मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात.

या एका खोलीच्या घराला बाहेरून भिंत असते, आपल्या पेशीला ती नसते. पेनिसिलीनने नेमके हेच हेरले. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत ते सापडले. ते जिवाणूला भिंत नीट बांधू देत नाही. पाणी आत शिरते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशीला ती भिंतच नाही, म्हणून ती वाचते. आपल्याकडे हे औषध बनवण्यासाठी १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

आता पावसाळ्यातले तीन ताप पाहा. लेप्टो हा जिवाणूचा आजार. उंदराच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. डॉक्सीसायक्लीन जिवाणूचे प्रथिने बनवणारे यंत्र अडवते. जिवाणूचे ते यंत्र आपल्यापेक्षा वेगळ्या बांधणीचे असते, म्हणून औषध त्याला बाधते. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालील मूल यांना औषध वेगळे देतात. पोटऱ्या फार दुखल्या, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली तर थांबू नये.

मलेरियाचा परजीवी एकपेशीय असला तरी जिवाणू नव्हे. त्याला केंद्रक असते. प्रयोगशाळेत काचेवर रक्ताचा थेंब पसरून रंग देतात, तेव्हा तांबड्या पेशीच्या आत निळी अंगठी आणि तिच्यावर लाल ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे त्याचे केंद्रक. गंमत अशी की आपल्या तांबड्या रक्तपेशीने स्वतःचे केंद्रक आधीच टाकून दिलेले असते. त्या रिकाम्या घरात हा भाडेकरू दिसतो म्हणूनच तो ओळखू येतो. त्याची औषधे वेगळी. वायवॅक्स प्रकारात परजीवी यकृतात दडून राहतो, म्हणून ताप उतरला तरी प्रायमाक्वीनचा १४ दिवसांचा कोर्स सांगतात. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच्या पाकिटातली तर मुळीच घेऊ नये.

आणि डेंग्यू? तो विषाणू. त्याला पेशीच नाही. ना भिंत, ना खोली. आपल्याच पेशीत शिरून तो स्वतःच्या प्रती काढून घेतो. प्रतिजैविकाने तोडावे असे त्याच्याकडे काही नसते. तिथे आराम, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे, रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोराने दुखणे, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त ही रुग्णालय गाठण्याची वेळ.

तिन्ही तापांत पहिल्या दोन दिवशी माणूस सारखाच दिसतो. कपाळाला हात लावून पेशी ओळखता येत नाही, रक्त तपासावेच लागते.

बुरशीचे प्रकरण अधिक किचकट, कारण तिची पेशी आपल्या पेशीची जवळची नातेवाईक आहे. केंद्रक तिलाही, तंतुकणिका तिलाही. जिवाणूवरचे औषध तिला लागत नाही, आणि तिला मारणारे औषध आपल्यालाही बाधू शकते. फरक बारीक आहे. आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. बुरशीवरची बरीच औषधे तेवढ्याच फरकावर काम करतात. पिंपरीच्या त्याच कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार यांनी शोधलेले हॅमायसिन हे त्यांपैकीच. ओल्या कपड्यांमुळे जांघेत होणाऱ्या गजकर्णाला मात्र आपण मेडिकलवरून भलतीच ट्यूब आणतो. तिच्यात स्टेरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी खुशाल पसरते. कातडी पातळ होते ती वेगळीच.

टीबीचे जंतू जिवाणूच, १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी ते दाखवले. पण त्यांच्या भिंतीवर मेणाचा जाड थर असतो आणि त्यांना एकाचे दोन व्हायला वीस मिनिटे नव्हे, पंधरा-वीस तास लागतात. काही तर नुसतेच झोपून राहतात. म्हणून साध्या टीबीलाही सहा महिने गोळ्या लागतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढले, कामावर जायची घाई झाली म्हणून औषध सोडले, तर उरलेले जंतू त्या औषधाला न जुमानणारे निघू शकतात आणि तेच एका खोलीत झोपणाऱ्या मुलांना लागतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. जाताना बँकेचे पासबुक सोबत न्यावे.