चढणीचे मासे आणि कायदा

मृगाच्या पावसाने ओढ्यांना पाणी आले की नदीतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. कोकणात यास वलगण म्हणतात. या दिवसांत मासा सहज हाती लागतो. परंतु पकडलेल्या मादीच्या पोटी पुढील पैदास असते, हे सहसा ध्यानी घेतले जात नाही.

पश्चिम घाटातील नद्यांतील माशांच्या अनेक जाती जगात अन्यत्र आढळत नाहीत. दख्खनच्या नद्यांतील खडशी अथवा महसीर हा तर मोठ्या मानाचा मासा. सायक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. रोहूच्या मानाने याची अंडी थोडी व वाढ संथ. त्यामुळे एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

१८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग उडवून वा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. जाळ्याच्या आसांतून लहान मासा निसटतो. सुरुंगापासून अंडी, पिले, पाणकिडे काहीच वाचत नाही. गेळफळ ठेचून टाकणेही विषप्रयोगच होय. फवारणीचा पंप ओढ्यात धुणाऱ्यास तर आपण मासे मारीत आहोत याची जाणीवही नसते. पंप बांधावर, पाण्यापासून दूर धुवावा. चढणीच्या दिवसांत ओढ्याच्या मुखाशी आडवे जाळे लावू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने नदीतील कित्येक कासवांस संरक्षण मिळाले. नेहमीच्या खाण्यातील माशांस ते लाभलेले नाही. महाड तालुक्यात वाळणकोंडच्या डोहात मात्र देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकीत नाही, आणि तेथे मोठाले महसीर काठाशी येतात.