‘चार्ज’ : एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजीतील ‘चार्ज’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणास भासत नाही. भाषांतरास बसले की मात्र त्या एकासाठी अनेक शब्द शोधावे लागतात. वीजबिलात तो ‘आकार’ असतो, पदार्थविज्ञानात ‘प्रभार’, कचेरीत ‘कार्यभार’, फौजदारी न्यायालयात ‘दोषारोप’, तर रणांगणावर ‘चढाई’. १८५४ साली बॅलाक्लाव्हा येथे ब्रिटिश घोडदळाने रशियन तोफांवर केलेली चढाई याच शब्दाने प्रसिद्ध आहे.

हे अर्थ परस्परांहून भिन्न असले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कार्रिकारे’ या क्रियापदाचा अर्थ गाडीत ओझे भरणे असा होतो. पुढे हे ओझे माणसावर आले. ते कधी पैशाचे, कधी जबाबदारीचे, तर कधी अपराधाचे. मराठीतील प्रभार, कार्यभार, अधिभार या शब्दांतही ‘भार’ आहेच.

तथापि, मूळ एक म्हणून प्रतिशब्द एक होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मधील ‘चार्ज’ हा आरोप नव्हे. गहाण न ठरताही येणे रकमेसाठी स्थावर मालमत्ता तारण होते, तेव्हा तिच्यावर निर्माण होणारा तो भार होय. सातबाराच्या उताऱ्यावर अशा भारास ‘बोजा’ म्हणतात. म्हणून कोशातील पहिला अर्थ उचलण्यापूर्वी ओझे कोणावर आणि कशाचे, हे वाक्यातूनच ठरवावे. अन्यथा साधा देणेकरी कागदोपत्री आरोपी ठरावयाचा.