नामदेवरायांची पदे आणि आबांची वही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुद्वारात जे गायन चालते त्याला शीख मंडळीही कीर्तनच म्हणतात. पण आपल्या नारदीय कीर्तनासारखा तिथे पूर्वरंग-उत्तररंग नाही, आख्यान नाही. ग्रंथसाहेबांच्या बाजूला बहुधा तिघे बसतात. दोघे पेटी घेऊन गातात, एक तबल्यावर. त्यांना रागी म्हणतात. गायची ती वाणी, म्हणजे ग्रंथातली पदे. पेटी इंग्रजी अमदानीतली. मूळ साज रबाबाचा. गुरु नानकांबरोबर भाई मरदाना रबाब वाजवीत गावोगाव हिंडले, आणि ते मुसलमान होते, हेही ध्यानात ठेवावे.

आपण दत्तभक्त गुरुचरित्राची पोथी सोवळ्यात ठेवतो, सप्ताह करतो. त्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला चटकन कळेल. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ साली नांदेडला, गोदावरीकाठी, देह ठेवण्याआधी पुढचा गुरू म्हणून ग्रंथच नेमला. तेव्हा तिथे पद गाणे म्हणजे गुरूचाच शब्द उच्चारणे. सुरांची करामत दाखवायला अक्षर ओढून-ताणून मोडायचे नाही, ही शिस्त त्यातूनच येते.

या ग्रंथाची मूळ प्रत पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली सिद्ध केली. आज त्याची १४३० पाने आहेत आणि त्यातली बहुतेक वाणी रागांप्रमाणे लावलेली आहे, असे ३१ राग. गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद आणि आपले नामदेवराय. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत, १८ रागांत. त्रिलोचनांचीही चार आहेत. नामदेव पंजाबात घुमानला राहिले. २०१५ साली साहित्य संमेलन तिथे भरले ते याच नात्याने.

पद लिहिण्याची रीत बघण्यासारखी आहे. वर रागाचे नाव, कडव्याला आकडा, आणि एका ओळीपुढे 'रहाउ' असा शब्द. रहाउ म्हणजे थांब. लिहिताना ती ओळ बहुतेक पहिल्या कडव्यानंतर येते, पण रागी ती ध्रुवपदासारखी धरतात आणि प्रत्येक कडव्यानंतर तिच्याकडेच परततात. पदाचा गाभा तिथे असतो. आपल्या भजनात धृपद घाईघाईने उरकून पुढच्या कडव्याला धावणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हे एकदा ऐकावे.

मी हे पहिल्यांदा ऐकले ते आबांमुळे, म्हणजे आमच्या आजोबांमुळे. कळंब्यात तिन्हीसांजेला तळ्यावरचा वारा सुटला की आबा सोप्यात बसून टेंबे स्वामींची करुणात्रिपदी म्हणायचे. आवाज गोड नव्हता, जाडाभरडा होता. पण धृपद आले की टाळ थांबवायचे, ओळ नुसत्या गळ्याने म्हणायचे. "चाल इसरली तर चालंल पोरा, अक्षर खाऊ नगंस," हे आमचे रोजचे शिक्षण.

मी सातवीत असताना ते मला माहूरला दत्तशिखरावर घेऊन निघाले. वाटेत नांदेडला मुक्काम पडला. भल्या पहाटे आम्ही सचखंड गुरुद्वारात गेलो. मला डोक्याला रुमाल बांधावा लागला. आबांच्या डोक्याला फेटा होताच. 'आसा दी वार' चालू होती. पंजाबी आम्हा दोघांनाही कळत नव्हते. आबा डोळे मिटून बसले. काही वेळाने आसा रागातलेच एक पद लागले, त्यात 'बीठल' हा शब्द परत परत येऊ लागला आणि आबांनी माझे मनगट घट्ट धरले. शेवटी 'नामा' आले. "ह्यो आपला नामदेव हाय लेका! हितं अजून गात्यात त्येला!" त्यांचे डोळे भरून आले होते. नंतर लंगरमध्ये जेवलो, आणि मी नको म्हणत असताना त्यांनी ताटे घासली.

तिथल्या एका सेवेकऱ्याने त्यांना समजावले की ग्रंथात प्रत्येक पदावर राग लिहिलेला असतो. घरी आल्यावर आबांनी शंभर पानी वही आणली. आपली पदे त्यात उतरवली. राग त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून वर लिहिले, 'चाल : आईची', 'चाल : वाडीच्या पालखीची'.

शब्द कागदावर टिकतो, चाल गळ्यातच राहते. शिखांनाही हे चुकले नाही. फाळणीत मुसलमान रबाबी घराणी पाकिस्तानात गेली आणि त्यांच्याबरोबर जुन्या चालींचा फार मोठा ठेवा गेला. ग्रंथ मात्र अक्षरन् अक्षर शाबूत.

आबांना जाऊन बरीच वर्षे झाली. वहीत एकवीस पदे आहेत. 'आईची चाल' म्हणजे कोणती, हे आता घरात एकट्या आत्यालाच येते. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या श्रावणात तिच्याजवळ बसून सतरा चाली मी फोनवर उतरवून घेतल्या. दोन ठिकाणी ती अडली, हसली, परत धृपदापासून सुरू केले. उरलेल्या चार पदांवर 'चाल : जुन्या भजनाची' एवढेच लिहिले आहे आणि ती आत्यालाही येत नाही, बायका त्या भजनाला बसत नसत.

कळंब्यात गुरुवारच्या जुन्या भजनाला जी मंडळी लहानपणी बसत असतील, त्यांनी जयंतीच्या दिवशी जन्मकाळानंतर मला मंडपात गाठावे. वही मी बरोबर आणतो आहे.