ओला कचरा, वीज आणि वेचणारे हात

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी युद्धोत्तर विद्युत-विकासाच्या धोरण समितीपुढे भाषण केले. वीज सरकारी असावी की खाजगी, एवढ्यावरच ते थांबले नाहीत. भारताला वीज हवी कशासाठी, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून जनतेची दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्या मांडणीचा आशय होता. आज महानगरपालिका हरित ऊर्जेचे प्रकल्प उभारीत असताना वीज कोणासाठी, याच्या जोडीने ती कोणाच्या श्रमातून, हेही विचारले पाहिजे. त्यासाठी पुण्याकडे पाहू.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधी घराघरांत शिरली आणि ग्रामस्थांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. त्यानंतर महापालिकेने कचरा शहरातच जिरवण्याच्या विचाराने ठिकठिकाणी प्रत्येकी पाच टन क्षमतेचे छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले. त्यांतील विजेवर रस्त्यांवरील दिवे लागावेत, अशी योजना होती.

यामागील शास्त्र अवघड नाही. आपल्या शहरी कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. तो ढिगात कुजला की मिथेन वायू हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापमानवाढ घडवतो. तोच कचरा बंद टाकीत कुजवला, तर मिथेन इंधन म्हणून हाती येतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत कचरा दळून, गरम पाणी मिसळून आधी हवेशीर टाकीत आणि मग हवाबंद टाकीत सोडतात. एक घनमीटर बायोगॅसपासून साधारण दीड ते दोन युनिट वीज मिळते. उरलेला गाळ खत म्हणून शेतात जातो.

परंतु टाकीतील जिवाणूंना प्लास्टिक, काच, नारळाच्या करवंट्या पचत नाहीत. मिसळलेला कचरा आला की दळणयंत्र अडते आणि वायू घटतो. पुण्यातील अनेक प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालत नसल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या, त्यामागचे एक कारण हेच. म्हणजे वीजनिर्मितीची पहिली पायरी यंत्रात नसून आपल्या दाराशी, दोन वेगळ्या डब्यांत आहे.

त्या दाराशी कोण उभे असते? पुण्यात बहुतांशी दलित स्त्रिया. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तोवर उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या या स्त्रियांकडे शहर चोर म्हणून पाहत होते. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. ओळखपत्राची किंमत ज्याला पोलिसाने कधी हटकले नाही, त्याला कळणे कठीणच.

बाबासाहेबांनी जन्मावर लादलेले घाणीचे काम सोडण्यास सांगितले होते. मग या कामाला हरित नाव देऊन आपण तीच परंपरा तर चालवत नाही ना? ही शंका रास्त आहे. माझे मत असे की, कामाला करार, निश्चित मोबदला, हातमोजे, आरोग्यविमा आणि मुलांच्या शिक्षणाची हमी असेल, तरच ते सन्मानाचे काम ठरते. अन्यथा ती जुनीच सक्ती. प्रकल्पाच्या खर्चपत्रकात टाकी, जनित्र, तारा यांचे आकडे असतात. वेचकाच्या वाट्याचा आकडा मात्र बहुधा घरमालकाच्या मासिक शुल्कावर सोडलेला असतो, आणि ते शुल्क न देणारी घरे प्रत्येक सोसायटीत सापडतात.