दोन पाळ्या, एक टीम

प्रश्न : भोसरीत आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. माणसे कसबी आहेत, पण दोन पाळ्यांत सतत धुसफूस. माल परत आला की एकमेकांकडे बोट दाखवतात. यांची टीम कशी बांधावी?

उत्तर : माणसे बदलायचा विचार असेल तर तो आधी सोडा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका कमी नव्हे, जास्त निघाल्या! कारण तिथे चूक न घाबरता सांगता येत होती. तुमच्याकडे ती दडते आणि थेट ग्राहकाच्या दारात उघडी पडते.

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढतो आणि टीम लीडर मदतीला धावतो. दोष वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते. अशी सोय तुम्हीही करू शकाल. मात्र दोरी ओढणाऱ्यावर सुपरवायझर एकदा जरी खेकसला, तरी पुन्हा कोणी तिला हात लावणार नाही.

आता बोनस तपासा. माझा खरा संशय तिथेच आहे. तो पाळीनिहाय नगांवर मिळत असेल, तर मशीन थांबवून टूल कोण बदलेल? दोन्ही पाळ्यांच्या मिळून पास झालेल्या नगांवर तो द्या. पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटरांना १० मिनिटे मशीनपाशीच बोलू द्या, आणि तो वेळ पगारी धरा.

सुरुवातीला रिजेक्शनची नोंद वाढेल. त्या आकड्यावरून कोणालाही मेमो देऊ नका.